दाढ काढण्यापासून जबड्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत : खानदेशातील रुग्णांनी काय पाहावे, काय विचारावे, काय करावे

आमच्याकडे तपासणीच्या खुर्चीत बसलेला रुग्ण बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो : "डाक्टर, मनी दाढ दुखी ऱ्हायनी, काढी टाका." जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत, बोली थोडीफार बदलली तरी, मागणी हीच असते. परंतु दुखते ती दाढच असते असे नाही, दुखणाऱ्या दाढेला काढणे हाच इलाज असतो असेही नाही, आणि तोंडातला जो आजार जिवावर बेततो तो सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. माणसे भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घालता येईनासा झाला की मग दवाखान्याची वाट धरतात. त्या आधीच्या टप्प्यावर आपले तोंड आपणच कसे पाहावे, डॉक्टरांकडे जाताना काय सांगावे आणि शस्त्रक्रियेनंतर घरी कसे वागावे, हे या लेखात सविस्तर सांगत आहे.

प्रथम एक साधा खुलासा. दातांचे सामान्य डॉक्टर बीडीएस असतात. दाढ काढणे, दात भरणे, रूट कॅनाल ही कामे ते करतात. हाडात अडकलेली अक्कलदाढ, जबड्याचा फ्रॅक्चर, जबड्यातली गाठ, कानापुढचा जबड्याचा सांधा, न उघडणारे तोंड यांसाठी मुख व जबडा शल्यचिकित्सक असतात आणि त्यांची पदवी एमडीएस असते. दोघांचीही नोंदणी राज्य दंत परिषदेकडे झालेली असते आणि नोंदणी क्रमांक विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. आठवडे बाजारात चटई टाकून बसणारा आणि "दाढेतला किडा काढतो" म्हणणारा माणूस यांपैकी कोणीही नसतो. दाढेत किडा नसतोच. जंतूंनी तयार केलेल्या आम्लाने दात पोखरला जातो, आणि त्या माणसाने कापसावर दाखवलेला पांढरा किडा त्याने स्वतःच आणलेला असतो.

अंगणातल्या उजेडात आपले तोंड पाहणे

महिन्यातून एकदा, सकाळी तोंड धुतल्यावर, उन्हाच्या उजेडात आरसा घेऊन बसावे. कवळी असेल तर ती काढून ठेवावी. आधी दोन्ही ओठ उलटे करून आतली बाजू पाहावी, मग बोटाने गाल बाहेर ओढून गालांची आतली बाजू, अगदी शेवटच्या दाढेच्या मागपर्यंत पाहावी. जीभ बाहेर काढून तिचे टोक स्वच्छ फडक्याने धरावे आणि ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढून तिच्या कडा पाहाव्यात, कारण कडा सहसा कोणी पाहत नाही आणि जिभेचा कर्करोग बहुधा तिथेच सुरू होतो. जीभ टाळूला लावून तिच्या खालची जागा पाहावी. शेवटी मान वर करून टाळू पाहावी आणि हनुवटीखाली व मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपून गाठ लागते का ते पाहावे. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात. जो माणूस तंबाखू, गुटखा, सुपारी, मिश्री किंवा बिडी यांपैकी काहीही घेतो किंवा पूर्वी घेत असे, त्याने ही पाच मिनिटे कधीही चुकवू नयेत.

पाहायचे ते असे : दोन आठवडे उलटूनही न भरलेली जखम, पुसले तरी न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गालात किंवा जिभेवर हाताला कडक लागणारी जागा, आपोआप हलू लागलेला दात, ओठ किंवा हनुवटी बधिर होणे, मानेतली न दुखणारी गाठ. तोंड येणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि तशी फोडी सात ते दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, भरून येते. तुटलेल्या दाताची धार किंवा कवळीची टोचणी दूर केल्यावर त्यामुळे झालेली जखमही तेवढ्याच दिवसांत भरते. पंधरा दिवस झाले, कारण दूर केले आणि जखम जागची हलली नाही, तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नये.

यापुढे सांगतो ती चाचणी मी प्रत्येकाला करायला लावतो. उजव्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे मावतात. हे अंतर साधारण 40 मिलिमीटर किंवा त्याहून थोडे अधिक भरते. दोनच मावत असतील तर कारण शोधायला हवे, आणि एकच मावत असेल तर आजार बराच पुढे गेलेला आहे.

तोंड हळूहळू बंद होत जाणे

खानदेशात या आजाराची पहिली खूण ताटावर कळते. जो माणूस शेवभाजीचा लालभडक रस्सा वाटीने पीत असे, त्याला तोच रस्सा झोंबू लागतो. ठेचा नको वाटतो, चहा कोमट करून प्यावा लागतो, आणि घरचे म्हणतात की याला पित्त झाले. पित्ताच्या गोळ्यांत सहा महिने जातात. तोवर गालांच्या आतली त्वचा पांढुरकी, संगमरवरासारखी फिकट आणि कडक झालेली असते आणि गालात उभ्या दोऱ्यांसारखे पट्टे हाताला लागू लागतात. पुढे गाल फुगवता येत नाहीत, शिट्टी वाजत नाही, जीभ पूर्ण बाहेर येत नाही, आणि शेवटी घास तोंडात घालण्यासाठी आधी त्याचे बारीक तुकडे करावे लागतात.

हा आजार सुपारीने होतो. सुपारीतील अरेकोलिन नावाचे द्रव्य गालाच्या आतल्या थरात तंतू वाढवते आणि ते तंतू मोडण्याची शरीराची नेहमीची क्रिया मंदावते, त्यामुळे मऊ गालाची ताठ पट्टी होते. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो" असे सांगणारे अनेक जण या समजुतीत फसलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी घेऊन ती हातावर एकत्र करणारी मुले मला आजही रोज दिसतात.

रावेरकडच्या केळीच्या पट्ट्यातला एक तरुण माझ्या नजरेसमोरून जात नाही. वय पंचविशीचे, अंग पिळदार, केळीचे घड खांद्यावर वाहून खांदा काळवंडलेला. तो अक्कलदाढ काढायला आला होता आणि मला ती दाढ दिसतच नव्हती, कारण त्याच्या तोंडात माझा आरसा आडवाच जात होता. पट्टीने मोजले तर 19 मिलिमीटर. तिखट झोंबायला केव्हा लागले, असे विचारल्यावर त्याने बोटे मोजली आणि म्हणाला, "पाच वरीस झाले असतीन." त्या पाच वर्षांतल्या पहिल्या वर्षात तो आला असता तर सुपारी सोडणे, गालात द्यायची इंजेक्शने आणि तोंड उघडण्याचा व्यायाम एवढ्यावर भागले असते. आता त्याला पूर्ण भूल देऊन पट्टे कापण्याची शस्त्रक्रिया करावी लागली.

या शस्त्रक्रियेबद्दल रुग्णाने एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तोंड उघडते, परंतु ते उघडे राहते ते पुढच्या अनेक महिन्यांच्या व्यायामाने. दातांमध्ये लाकडी चपट्या पट्ट्यांची थप्पी घालायची, दर काही दिवसांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने तीत एक पट्टी वाढवायची, दिवसातून अनेकदा करायचे आणि दुखले तरी थांबायचे नाही. जो रुग्ण घरी गेल्यावर व्यायाम सोडतो, त्याचे तोंड पुन्हा आक्रसते. आणि जो सुपारी पुन्हा धरतो, त्याच्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. गालाची गेलेली लवचिकता पूर्णपणे परत आणणारे औषध नाही. म्हणून रस्सा झोंबू लागला त्याच आठवड्यात येणे हाच खरा उपाय आहे. व्यसन सोडण्यासाठी शासनाची 1800-11-2356 ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे.

मिश्रीबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण ती आमच्या आया-आज्यांच्या तोंडात आहे. दाढ दुखली म्हणून शेजारणीने चिमूटभर मिश्री दिली, ठणका थांबला, आणि तीच सवय चाळीस वर्षे राहिली, अशी हकिगत मी असंख्य वेळा ऐकली आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरडी बधिर होते, कीड तिथेच राहते, आणि बोट ज्या जागी रोज फिरते त्या ओठाच्या व हिरडीच्या खोबणीत पांढरा चट्टा उमटतो. सासूबाईंना "मिश्री सोडा" म्हणायला सुनांना संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. निदान तो चट्टा दाखवायला त्यांना घेऊन या.

तुकडा तपासायला पाठवणे

संशयास्पद जखमेचा लहानसा तुकडा भूल देऊन काढणे आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे म्हणजे बायोप्सी. "सुई लागली की कर्करोग पसरतो" ही समजूत आमच्या भागात इतकी खोल रुजली आहे की चांगले शिकलेले लोकही जखम घेऊन सहा-सहा महिने घरी बसतात. बायोप्सीने तोंडाचा कर्करोग पसरत नाही. तो पसरतो तो त्या सहा महिन्यांत. जखम लहान असताना शस्त्रक्रिया लहान होते आणि माणूस बहुधा पुढे नीट बोलतो, जेवतो. उशीर झाला तर जबड्याचा भाग, मानेतल्या गाठी असे बरेच काढावे लागते आणि वर किरणोपचारही लागतात. कर्करोगाचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना शिधापत्रिका आणि आधारकार्ड दाखवून आधी विचारावे आणि मगच पैशांची जुळवाजुळव सुरू करावी. शेत गहाण टाकून मग योजनेची माहिती मिळालेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

दाढ काढण्याआधी काय सांगावे

दाढ काढणे ही छोटी असली तरी शस्त्रक्रियाच आहे, आणि तिच्यात होणाऱ्या अडचणी बऱ्याच वेळा रुग्णाने न सांगितलेल्या गोष्टीतून होतात. त्यामुळे चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणावीत. "पांढरी छोटी गोळी" एवढ्यावरून काही कळत नाही.

हृदयात स्टेंट बसवलेली किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेलेली माणसे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन अशी रक्त पातळ करणारी औषधे घेत असतात. रक्त थांबणार नाही या भीतीने त्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. दाढेच्या खड्ड्यातले रक्त बोळ्याने, टाक्याने थांबवता येते, पण औषध बंद केल्यामुळे स्टेंट बंद पडला तर तो जिवाचा प्रश्न होतो. वॉरफॅरिन घेणाऱ्यांची आयएनआर ही रक्ततपासणी आधी करून घ्यावी लागते. हृदयाची झडप बदललेली असेल तर दाढ काढण्याच्या साधारण एक तास आधी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो, आणि तो न दिल्यास तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. मधुमेह असेल तर शुगरचा ताजा रिपोर्ट आणावा, सकाळची वेळ घ्यावी आणि नेहमीची गोळी व नाश्ता घेऊनच यावे. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, कारण त्या औषधांमुळे क्वचित दाढेची जखम भरत नाही आणि जबड्याचे हाड उघडे पडू शकते. मान किंवा तोंडावर किरणोपचार झालेल्या व्यक्तीची दाढ तर ओळखीच्या माणसानेही सहज म्हणून काढू नये. त्यासाठी किरणोपचार देणाऱ्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक असते.

नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत, म्हणून धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर या भागांतून येणाऱ्यांना मी हा प्रश्न मुद्दाम विचारतो. सिकलसेल असणाऱ्याने उपाशी, तहानलेले येऊ नये, आपले कार्ड सोबत आणावे, आणि पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर ती मोठ्या रुग्णालयातच घ्यावी. कधीकधी त्यांच्या जबड्यात दुखते ते दात चांगले असतानाच, हाडातल्या रक्तपुरवठ्यात अडथळा आल्याने, आणि तिथे दाढ काढून काहीच साधत नाही.

गरोदर स्त्रीने चौथ्या ते सहाव्या महिन्यात उपचार घेणे सर्वांत सोयीचे असते, पण पू झाला असेल तर कोणत्याही महिन्यात थांबू नये. पू अंगात ठेवणे हेच बाळाला अधिक घातक असते.

दाढेपुरत्या भुलीसाठी येताना जेवून यावे. श्रावणातल्या उपवासाच्या दिवशी, एसटीने दोन तास उभे राहून आलेली बाई इंजेक्शन देताच चक्कर येऊन पडते आणि मग घरी सांगते की तिला भुलीची ॲलर्जी आहे. ती ॲलर्जी नसते, रिकामे पोट आणि भीती असते. पूर्ण भूल द्यायची असेल तेव्हा मात्र उलटे : सहा तास आधीपासून अन्न नाही, आणि पाणीसुद्धा भूलतज्ज्ञ सांगतील तेवढेच.

आणखी एक शंका प्रत्येक गावात विचारली जाते. वरची दाढ काढली की डोळा अधू होतो का? होत नाही. दाढेकडे जाणारी नस आणि डोळ्याला दृष्टी देणारी नस या पूर्णपणे वेगळ्या आहेत. वयाच्या ज्या टप्प्यात दाढा पडतात त्याच टप्प्यात चष्माही लागतो, एवढाच त्यांचा संबंध.

दाढ काढल्यानंतरचे चोवीस तास

दाढेच्या खड्ड्यात रक्ताची जी गुठळी बसते ती म्हणजे निसर्गाने बांधलेली पट्टी. पुढची सगळी पथ्ये त्या गुठळीला जपण्यासाठी आहेत, हे एकदा लक्षात आले की वेगळे काही पाठ करावे लागत नाही. बोळा घट्ट दाबून अर्धा ते पाऊण तास ठेवायचा आणि मध्येच काढून पाहायचा नाही. थुंकायचे नाही, लाळ गिळायची. थोडेसे रक्त लाळेत मिसळले तरी ती सगळी लाल दिसते, त्यामुळे घाबरून वारंवार थुंकणारा रुग्ण स्वतःच गुठळी उपसून काढतो. त्या दिवशी चूळ भरायची नाही, नळीने काही ओढून प्यायचे नाही, आणि बिडी-सिगारेट-तंबाखूला निदान तीन दिवस हात लावायचा नाही. बाहेरून गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटे ठेवायचा. पहिल्या दिवशी शेकायचे नाही, तेल चोळायचे नाही.

बधिरपणा दोन ते चार तास राहतो. त्या वेळात लहान मूल आपला ओठ गंमत म्हणून चावत बसते आणि संध्याकाळी तो सुजून जखम होते, म्हणून मुलाजवळ कोणीतरी बसलेच पाहिजे. दुखण्याची पहिली गोळी बधिरपणा उतरण्याआधी, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यावी. घरी पडलेली दुसऱ्याची गोळी घेऊ नये, आणि ॲस्पिरिनची गोळी दाढेजवळ दाबून ठेवण्याचा प्रकार तर कधीच करू नये. त्याने हिरडी भाजते आणि मूळ दुखण्यावर दुसरे दुखणे चढते.

जेवणाचे म्हणाल तर जळगावच्या माणसाला केळे शोधायला कुठे जावे लागत नाही. कुस्करलेले केळे, थंड दूध, ताक, वाटीने प्यायची लस्सी, आणि दुसऱ्या दिवसापासून तूप घातलेली मऊ, कोमट खिचडी, वरणात पूर्ण भिजवलेली भाकरी, हे सगळे चालते. वांग्याचे भरीत, शेवभाजी, ठेचा, वरण-बट्टीतली बट्टी आणि फुटाणे आठवडाभर बाजूला ठेवावेत. आमच्याकडच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. त्या दिवसांत दाढ काढलेल्या माणसाने तोंड दुखते म्हणून पाणी कमी पिऊ नये आणि दुपारी शेतात जाऊन वाकून काम करू नये, कारण डोके खाली घातले की रक्त पुन्हा सुरू होते. चोवीस तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हळुवार गुळण्या कराव्यात. खळखळ करायची नाही, पाणी तोंडात फिरवून सोडून द्यायचे.

रक्त वाहतेच आहे असे वाटले तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून, बसल्या जागी, अर्धा तास सलग दाबावी. तरीही थांबले नाही तर लगेच दवाखाना गाठावा. हळद, कॉफी, चुना यांपैकी काहीही खड्ड्यात भरू नये.

पहिले दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी कानापर्यंत जाणारा, झोप उडवणारा ठणका सुरू झाला, तोंडाला घाण वास आला, तर गुठळी निघून गेलेली आहे आणि खड्ड्यात हाड उघडे पडले आहे. हे बिडी ओढणाऱ्यांत आणि खालच्या दाढेच्या बाबतीत अधिक होते. यात डॉक्टरांची चूक असतेच असे नाही, पण गोळ्या बदलत घरी बसण्यातही अर्थ नाही. खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवली की बहुतेकांना त्याच दिवशी उतार पडतो.

अक्कलदाढ

सतरा ते पंचवीस या वयात ती येते आणि जबड्यात जागा नसली की आडवी, तिरपी अडकते. न दुखणारी, न किडलेली, पूर्ण आत झाकलेली अक्कलदाढ केवळ ती आहे म्हणून काढावी असे माझे मत नाही. तिच्यावरच्या हिरडीला वारंवार सूज येत असेल, शेजारची चांगली दाढ ती किडवत असेल किंवा तिच्याभोवती गाठ झाली असेल तर मात्र काढावी, आणि पंचविशीच्या आत काढणे सोपे जाते. आधी संपूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे काढतात, कारण खालच्या दाढेची मुळे ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या किती जवळ आहेत ते त्यात दिसते. ती जवळ असतील तर ओठ काही आठवडे, क्वचित कायमचा, बधिर राहू शकतो, हे डॉक्टरांनी आधी सांगायला हवे आणि रुग्णाने विचारायला हवे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरू लागते. टाके साधारण सातव्या दिवशी काढतात. वरची दाढ काढल्यावर पाणी पिताना ते नाकातून येत असेल तर नाक शिंकरू नये आणि त्याच दिवशी कळवावे.

ज्या सुजेला रात्र काढू देऊ नये

किडलेल्या खालच्या दाढेचा पू कधीकधी जिभेखाली आणि हनुवटीखाली उतरतो. मानेचा वरचा भाग दोन्ही बाजूंनी लाकडासारखा कडक होतो, जीभ वर उचलली जाते, थुंकी गिळवत नाही, आवाज घोगरा होतो, तोंड उघडत नाही, ताप चढतो. अशा रुग्णाला झोपवल्यावर श्वास कोंडतो म्हणून तो उठून बसतो. हे दृश्य दिसले की सकाळची वाट पाहू नये. 108 ला फोन करून, रुग्णाला बसवूनच, ज्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग आहे तिथे न्यावे. जळगाव, धुळे व नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. अशी सूज बाहेरून शेकणे, तिच्यावर लेप लावणे किंवा मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या घेऊन थांबणे यात मौल्यवान तास जातात. तरणीताठी माणसे एका दाढेपायी अशी गेलेली आम्ही पाहिली आहेत, म्हणून एवढ्या कळकळीने लिहीत आहे.

जबड्याचा सांधा आणि अपघात

जांभई देताना कानापुढे कट् असा आवाज येणे आणि न दुखणे, याला उपचार लागत नाहीत. दुखत असेल तर काही आठवडे मऊ अन्न, गरम शेक, जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार, आणि रात्री दात खाण्याची सवय असल्यास दातांवर बसवायचा गार्ड, एवढ्याने बहुतेकांना बरे वाटते. सांध्याची शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते. जांभईनंतर तोंड उघडेच राहिले, मिटता येईना, तर जबडा निखळला आहे. कानशिलात मारून तो बसवण्याचा प्रयत्न करू नये. डॉक्टर दोन्ही अंगठे खालच्या दाढांवर ठेवून जबडा खाली आणि मागे दाबतात आणि तो बसतो. लवकर आल्यास हे काही मिनिटांचे काम असते, आणि आठवडा गेला तर पूर्ण भूल लागू शकते.

दुचाकीवरून पडल्यावर दात पूर्वीसारखे जुळत नसतील, जिभेखाली काळेनिळे झाले असेल, ओठ बधिर झाला असेल तर जबडा मोडला आहे असे धरून चालावे. आधी बेशुद्धी, उलटी, डोक्याची जखम यांकडे पाहायचे, जबडा त्यानंतर. अख्खा दात मुळासकट निघून पडला असेल तर तो दिसणाऱ्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर धुवावा आणि जागेवर बसवून कापड चावून धरावा. ते जमले नाही तर दात दुधात टाकून अर्ध्या तासाच्या आत दवाखान्यात पोहोचावे. दुधाचा दात पुन्हा बसवायचा नसतो.

लहान मूल हनुवटीवर पडले, हनुवटीला दोन टाके पडले आणि सगळे विसरून गेले, यातून एक मोठे नुकसान होते. हनुवटीवरचा मार हाडातून वर जातो आणि कानापुढचा सांधा मोडतो. मुलाला दुखते म्हणून ते तोंड हलवत नाही, आणि सांधा काही महिन्यांत हाडाने जोडला जातो. चोपड्याजवळच्या एका आईने आपली नऊ वर्षांची मुलगी आणली होती. मुलगी तिसऱ्या वर्षी ओट्यावरून पडली होती, हनुवटी आत गेलेली, तोंड एका बोटाएवढेही उघडत नव्हते, आणि आई तिला पुढच्या पडलेल्या दाताच्या फटीतून पातळ वरण पाजत आली होती. शस्त्रक्रियेने सांधा मोकळा करता आला, परंतु न वाढलेल्या जबड्यासाठी पुढे आणखी शस्त्रक्रिया ठरल्या. म्हणून हनुवटीवर पडलेल्या मुलाच्या कानापुढच्या भागाचा एक्स-रे मागून घ्यावा, आणि पुढचे सहा महिने दर आठवड्याला त्याच्याच तीन बोटांनी त्याचे तोंड मोजावे.

दाढ नसलेली दाढदुखी

तोंड धुताना, वारा लागताना किंवा घास चावताना चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसावा तशी काही सेकंदांची कळ येत असेल, तर ते चेहऱ्याच्या नसेचे दुखणे असू शकते. त्यावर वेगळ्या गोळ्या असतात आणि दाढ काढून ते थांबत नाही. एकापाठोपाठ चार चांगल्या दाढा काढून घेतल्यावर हे निदान झालेले वृद्ध माझ्याकडे आले आहेत. चिंच किंवा लोणचे पाहताच जबड्याखाली गोळा फुगत असेल आणि जेवणानंतर उतरत असेल, तर लाळेच्या नळीत खडा अडकलेला असतो. आणि चालताना, जिना चढताना खालचा जबडा व डावा हात दुखत असेल, घाम येत असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे न जाता आधी हृदयाची पट्टी (ईसीजी) काढून घ्यावी.

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात, अथवा कर्करोगासाठी मुंबईच्या टाटा रुग्णालयात जायचे ठरले, तर जुने एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यावेत. बायोप्सी झाली असेल तर नुसता कागद पुरत नाही. ज्या लॅबमध्ये तुकडा तपासला तिथून काचेच्या स्लाइड आणि मेणात बसवलेला तुकड्याचा ब्लॉक मागून घ्यावा, तो उन्हात तापलेल्या गाडीत न ठेवता हाताशी ठेवावा, आणि पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी खिडकीवर जमा करावा. तो सोबत नसला की पुन्हा तुकडा काढावा लागतो आणि रुग्णाचे आणखी काही दिवस जातात.